कुकाऱ्याला उत्तर

देवबाग
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ब्रॅंडन,

आज सकाळी पडवीत बसलो होतो आणि एकदम कुकारो आठवला. तुझ्या आजोबांचा. धुक्याच्या दिवसांत खाडीतली होडी दिसायची नाही, तेव्हा ते तोंडाशी हाताचा द्रोण करून ‘ओऽऽऽ’ असा लांब आवाज टाकायचे. खालून सुरू होऊन वर चढणारा, आणि शेवटी अधांतरी सोडून दिलेला. मग पलीकडून कुणीतरी तसाच सोडायचा. कोण ते कळायचं नाही, आणि कळायची गरजही नसायची. कुकारो आला की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. आपल्या कुकाऱ्याला उत्तर नाही आलं तर होडी काढून बघायला जायचं. मी इथेच शाळेची कविता घोकत बसलेला असायचो. ओळीच्या मध्ये जिथे श्वास घ्यायचा, नेमका तिथे तो आवाज यायचा.

असो. आशीर्वाद आधी लिहायचे असतात, ते राहिले. ते घे. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा अजून धरलेलाच आहे. मम्मी कोळंबी सुकवते आणि कावळ्यांशी भांडते.

कागदावर लिहितो याचं कारण तुला ठाऊक आहे. तू माझा नंबर बंद केलास. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन नेऊन खाडीत टाकला असता, पण तू आता पाण्याजवळ... हे वाक्य इथेच सोडतो. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय आणि चिकटवल्या जागी आडवी सही केलीय. सही तुटलेली असली तर समज.

इकडे सीझन सुरू झाला. सावित्रीच्या होम-स्टेमध्ये पुण्याची मंडळी उतरलीत, ती पहाटेपासून घावणे काढते आणि आपल्या कुंपणावरून ओरडून विचारते, “मास्तरानू, नारळ आसा काय एखादो?” बाबलीने आपली पर्यटकांची बोट रंगवली. निळी होती ती आता पिवळी झाली. तुझ्या जागी वेंगुर्ल्याचा कुणी तांडेल घेतलाय. तो बोट खाडी-समुद्राच्या संगमाकडे वळवतो तेव्हा मी वर्तमानपत्र वाचतो.

जामसंड्याच्या दुकानात तुझं कसं चाललंय? तिथून समुद्र दिसत नाही, असं मम्मी म्हणाली. बरं आहे.

आता ते सांगतो. तू काही ऐकून न घेता गेलास, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

नोव्हेनाच्या नऊ दिवसांत आपल्या कपेलात लाकडी पेटी ठेवतात. ज्याला जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. पाद्रीसुद्धा ती वाचत नाही. नवव्या दिवशी मीसची प्रार्थना झाल्यावर अंगणात माडाची सुकी चुडतं पेटवतात, पेटी त्यात पालथी करतात, आणि धूर जाईल तिकडे आपलं मागणं गेलं. तू लहान असताना धुरामागे धावायचास. यंदा जुलैत गुडघ्यामुळे मला कपेलाच्या पायऱ्या चढवेनात. तेव्हा तुझी आत्येबहीण ग्लिनिस मडगावहून आलेली, तिने फोनवर प्रार्थनेचं ॲप घालून दिलं. नर्स आहे ना, सुई टोचावी तितक्या वेळात काम केलं. म्हणाली, “मामा, कपेलच हातात दिलंय तुझ्या. हंय ल्ही, हंय बोट लाव, गेली चिठ्ठी.”

खरंच तसंच होतं रे. पेटीचं चित्र, झाकणावर क्रूस. चिठ्ठी आत पडताना कागद सरकल्याचा आवाज. नवव्या दिवशी पडद्यावर जाळ दिसला, माझी चिठ्ठी कडेकडेने काळी होत गेली. मी कपाळावर क्रूस काढला आणि झोपलो.

जळली नव्हती. ऑगस्टच्या शेवटी काय झालं ते तुला सांगायला नको, पण शब्द मला पाठ आहेत, म्हणून लिहितो. “तुमचे परिचित ब्रॅंडन डांटस यांना पाण्याची भीती सतावते आहे का? त्यांना आधार द्या. पहिला सल्ला मोफत.” कुठलीशी मनाच्या आजारांवर सल्ला देणारी कंपनी, ॲपवाल्यांनी माझी चिठ्ठी तिला विकलेली. माझ्या फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्यांना हे गेलं. बाबलीला, सावित्रीला, पाद्रीला, माशांच्या लिलावातल्या तुळसाला, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना. गॅसवाल्यालाही गेलं.

लोकांनी काय केलं विचारशील. मम्मीने आपला फोन तांदळाच्या डब्यात पुरला. “आयकतत तर तांदूळ आयकूं देत,” म्हणाली. तुझा फोन यायच्या वेळेला तेवढा उकरून काढते, फुंकर मारते आणि कानाला लावते. सावित्री म्हणाली, “माझा काय चोरतले? बीपीची गोळी? घेवा म्हणा, एक खावन बगा.” ती ते ॲप अजून वापरते. कुणकेश्वरचे गणपत गुरुजी आठवतात ना, माझ्याबरोबर शाळेत होते ते? ते आता फोनला सगळीकडे खोटीच जन्मतारीख सांगतात. परवा आले होते, म्हणाले, “रॉक, मला वर्षातून चार वेळा वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, आणि एकही दिवस माझा नसतो.” फार हसले. ग्लिनिस तेवढी भडकलीय. तक्रार करायची, वरपर्यंत जायचं, सोडायचं नाही, असं रोज सांगते.

बाकीच्यांनी काही केलं नाही. तुझ्यावर हसले, आणि ज्यांनी चोरलं त्यांच्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. मलाही राग यायला हवा होता. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपलाच असतो, हाताला लागतो, पण आतून काही कळत नाही. तसं चाललंय.

त्यांनी माझा विश्वासघात केला, ब्रॅंडन. मी फक्त देवाला सांगितलं होतं.

पत्र पोचलं की मम्मीच्या फोनवर एक शब्द टाक. डबा ती संध्याकाळी उघडते.

खाडीच्या अलीकडून,
पप्पा


देवबाग
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय ब्रॅंडन,

“पप्पाक सांग, कागद पोचलो.” मम्मीने तांदूळ झटकून मला दाखवलं. चार शब्दांचा निरोप. मी वर्गात मुलांना सांगायचो, की कवितेत जे लिहिलेलं नसतं ते आधी वाचा. तसं वाचायला बसलो, पण फार वेळ वाचवेना.

सावित्रीच्या दारात उद्यापासून दिवाळी. आकाशकंदिलाचा सांगाडा आपल्याकडे आणून ठेवलाय. दरवर्षी तू कागद लावायचास, म्हणून सवयीने. मी लावला. एक बाजू तिरकी बसलीय.

ग्लिनिस आली आणि मला ओरोसला सायबर पोलिसांकडे घेऊन गेली. रिक्षाभर तिची तयारी चाललेली. “मामा, तू काय बोलू नको. मी बोलतंय. तू निस्तो म्हातारो दिस.” ते काम मला जमलं.

तिथे स्वप्ना नावाच्या अधिकारी होत्या. तुझ्याच वयाच्या असतील. नीट बोलल्या, पाणी दिलं. फोन हातात घेऊन वर वर सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही संमती दिलेली दिसतेय. इथे, आणि इथे. वाचलं होतंत का?”

मी म्हटलं, “नाही. तुम्ही वाचता का?”

“खरं सांगू? नाही वाचत. कुणीच नाही वाचत.” हसल्या, आणि हसल्याचं त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. “तक्रार घेते मी. पण चिठ्ठीत काय लिहिलं होतंत ते शब्दशः लागेल.”

ग्लिनिस बाहेर बघायला लागली. तिला मी चिठ्ठीतलं कधी सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. गेल्या पत्रात मी त्यावरून पाय उचलून पलीकडे गेलो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

ओवी लिहिली होती मी. तुला माहीत आहे, मला गद्यात काही मागता येत नाही. वर्गात म्हणायचो तशी म्हणून दाखवली, हात मागे बांधून:

पाण्यावरी ज्याचे घर । त्याला पाण्याचाच डर ।
देवा, हात त्याचा धर । ब्रॅंडनचा ॥

पलीकडच्या टेबलावरचा शिपाई टायपिंग थांबवून बघत राहिला. स्वप्ना मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून हळूच विचारलं, “आजोबा, शेवटी नाव नसतं घातलं तर चाललं नसतं का?”

मी काय उत्तर दिलं असेन? म्हणालो, “शेवटच्या चरणात चार अक्षरं लागतात.”

हे खरं आहे, ब्रॅंडन, आणि हेच तुला सांगायचं टाळत होतो. आमची आई म्हणायची, “नाव नाय घातलंस तर देव खंयच्या घराक शोधीत बसतलो?” ते कारण तर होतंच. पण त्या संध्याकाळी मी बोटांवर अक्षरं मोजली, आठ, आठ, आठ, आणि शेवटी तुझं नाव चार अक्षरांत असं बसलं, जसं त्याच्यासाठीच जागा ठेवली होती. मला आनंद झाला. मुलगा घाबरलाय म्हणून लिहायला बसलेला बाप, आणि ओवी जमली म्हणून खूश. पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघितली. मग ॲपने विचारलं, ‘कोणासाठी मागता? यादीतून निवडा.’ मी तुझं नाव निवडलं, तुझा फोटो आला, तो पिवळ्या लाइफ जॅकेटमधला. ‘तुमच्या माणसांना प्रार्थनेत सामील करायचं?’ खाली ‘मान्य’. देवाच्या दारात अमान्य कोण म्हणणार? मी मान्य केलं. आणखी दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा मान्य केलं.

माझ्या कविता आयुष्यात कुणी मन लावून वाचल्या नाहीत. मम्मी ऐकते, पण मासे साफ करताना. ही एक मात्र वाचली. पाणी कुठे आहे, भीती कुठे आहे, माणूस कोण, सगळं बरोबर काढलं त्यांनी. इतका चांगला वाचक मला परत मिळायचा नाही.

तक्रार नोंदवली. नोंदवतानाही फोनवर एक नंबर आला, तो त्यांना सांगितला, आणि खाली पुन्हा ‘मान्य’ होतं. ग्लिनिसने माझ्याकडे बघितलं. मी दाबलं.

चार दिवसांनी ॲपच्या कंपनीचं उत्तर आलं. तुमची गोपनीयता आमच्यासाठी अमूल्य आहे, झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि भेट म्हणून तीन महिने जाहिरातींशिवाय प्रार्थना. ग्लिनिसने फोनवरून कंपनीला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहीत नाही, पाकीट फुटेल.

आणखी एक. तिला मी सांगितलंय की ॲप काढून टाकलं. काढलेलं नाही. रोज संध्याकाळी तेर्साच्या वेळेला त्यात घंटा वाजते. पूर्वी आपण तिघं पडवीत जपमाळ घेऊन तेर्स म्हणायचो. आता मम्मी आत चुलीशी म्हणते आणि मी इथे. घंटा झाली की मी फोन उघडतो. काही लिहीत नाही. पेटीच्या चित्राकडे बघत बसतो. हे चोर आहेत ते मला माहीत आहे. तरी उघडतो. गणपत गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, ज्याच्याकडे सगळं गेलंच आहे त्याच्यापासून लपवायचं काय आता?”

धक्क्यावर बाबलीने तुला काय म्हटलं ते मला तुळसाने सांगितलं होतं. पाण्याक भिणारो तांडेल म्हणजे उंदराक भिणारो मांजर. तू न्हाणयेत बालदी भर आणि थंय बोट चलव. सगळे हसले. तू चावी खिळ्याला लावलीस आणि आलास. घरी आल्यावर मी तुला विचारलं, “आज लवकर इलंस?” मला सगळं माहीत होतं तरी विचारलं.

बोटीवर तू नाहीस, हे बाबलीने ठरवलं. घरात तू नाहीस, हे माझ्यामुळे. परत ये, असं लिहायचा हक्क कुठल्या बाजूने आणू ते कळत नाही. तरी लिहिलं.

कंदिलाची तिरकी बाजू सांभाळत,
तुझा पप्पा


देवबाग
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय ब्रॅंडन,

तुझं पाकीट मिळालं. दुकानाच्या बिलाच्या मागे लिहिलेल्या दोन ओळी. अक्षर पूर्वीपेक्षा बरं झालंय, हे आधी सांगतो. मास्तराची खोड.

“पप्पा, त्या दिवशी मी तुमका काय सांगलंय ता सगळ्यांका कळला. तुम्ही माका काय म्हणालात ता आठवता?”

आठवतं. दोन पत्रं मी कंपनीबद्दल लिहिली, ओवीबद्दल लिहिली, पोलिसांबद्दल लिहिली. तू जे विचारतोयस तिथे पोचायला मी एवढा वळसा घेतला.

आज मृतांचा दिवस. मम्मी मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन सिमेतरीत गेलीय, तुझ्या आजीआजोबांच्या कबरी धुवायला. सगळा वाडाच तिकडे आहे. गुडघ्यामुळे मी मागे राहिलो. माझाही फोन तिने जाताना तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर ताट ठेवलं, म्हणजे मी काढणार नाही. मी काढणार नव्हतोच. काल त्या ॲपचं खातं बंद केलं. जाताना कारण विचारतात. ‘फार सूचना येतात’, ‘दुसरं ॲप मिळालं’, ‘आता गरज नाही’. माझं कारण त्यात नव्हतं. ‘आता गरज नाही’ दाबलं. तर म्हणे, आम्हाला तुमची आठवण येईल. येईल, त्यांच्याकडे सगळं आहे. काढल्यावर हलकं वाटेल असं ग्लिनिस म्हणाली होती. तसं काही वाटलं नाही. संध्याकाळी घंटा वाजली नाही, एवढंच.

तर त्या दिवशी.

जुलै होता. तू पडवीत खांबाला टेकून बसला होतास, मी खुर्चीवर. माझ्या हातात जुनं पाठ्यपुस्तक होतं, तुझे हात रिकामे होते. मे महिन्यात संगमावर बोट कलंडली, त्याबद्दल तोपर्यंत तू घरात एक शब्द काढला नव्हतास. सगळी माणसं वाचली. कोल्हापूरची ती लहान मुलगी बोटीखाली गेली होती, तिला तू बुडी मारून काढलंस. गावाने तुला शाल दिली, बाबलीने पाठ थोपटली, पेपरात फोटो आला, आणि आम्ही समजलो की गोष्ट संपली.

तू म्हणालास, “पप्पा, माका पाण्याची भीती वाटता.”

मी पान उलटलं. तू पुढे म्हणालास, की इंजिनाचा दांडा तुला हातात धरवत नाही. पाण्याखाली तिचे केस हाताला लागले होते, ते अजून लागतात. आंघोळीला बसलास तरी लागतात. सप्टेंबरात बोटी उतरतील तेव्हा काय करू ते कळत नाही. कोणाक सांगा नकात, असंही म्हणालास.

मग तू थांबलास. माझ्याकडे बघत होतास. ते मी न बघताही मला कळत होतं.

आणि मी म्हणालो, “चल, जेवक बसया. म्हावरां थंड जातला.”

एवढंच म्हणालो मी. बांगड्याचं तिखलं होतं. तू दोन घास खाऊन उठलास. मी पूर्ण जेवलो. त्यानंतर आत गेलो, फोन घेतला आणि ओवी लिहिली.

मला बोलता आलं नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतला. मला भीती वाटली, तेव्हा मी तुझी भीती तुझ्याकडून घेऊन एका यंत्राला दिली, कारण यंत्र माझ्याकडे बघत नव्हतं. कंपनीने चोरलं ते नंतर. त्याच्या आधी तुला उत्तर द्यायचं होतं, आणि मी दिलं नाही. तू माझ्या दारात उभं राहून कुकारो घातलास, आणि मी जेवायला बसलो.

तुझ्या आजोबांनी मला घराबाहेर काढलं असतं.

लिहिल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलेलं नाही. शाई सुकेपर्यंत थांबतो, मग पुढचं लिहितो. पुढे काय लिहायचं ते मात्र...

थांब. बाहेर कुणीतरी आहे.

ब्रॅंडन, आता घाईत लिहितोय, माणूस पडवीत बसलाय आणि त्याच्यासाठी पाणी न्यायचंय.

फाटकावरून कुकारो आला. खरा. खालून चढत जाणारा, शेवटी सोडून दिलेला. हल्ली कुणी घालत नाही, सगळे हॉर्न वाजवतात नाहीतर फोन करतात. मला वाटलं कानात वाजतंय. पुन्हा आला. मी खुर्चीवरून उठलो आणि तोंडाशी हात धरला. आवाज चिरकाच निघाला, पण निघाला. उत्तर दिलं.

बाबली होता.

डोक्याची टोपी हातात. फाटक उघडंच होतं, तरी आत येत नव्हता. मी म्हटलं, “काय रे, फोन करून येवचा ना.”

“फोन घराकडे ठेवन इलंय, मास्तरानू. फोन जवळ असलो तर माका बोलूक जमाचा नाय.”

मला वाटलं तुझ्या चावीबद्दल काही असेल, किंवा तक्रारीबद्दल. मी विचारलं, “हंय खंय? सगळी सिमेतरीत गेली हत.”

“म्हणानच इलंय. कोण आयकूचा नाय.” मग पायऱ्यांकडे बघत म्हणाला, “मास्तरानू, नवो तांडेल बोट संगमार नेता. माका वाटता तुमका दिसला आसतला, मी बोटीर नसतंय.”

दिसलं नव्हतं. मी त्या वेळेला वर्तमानपत्र वाचत असतो.

“मी किनाऱ्यार रवतंय. तिकिटां फाडतंय. सगळ्यांका सांगतंय, मालकान बोटीर कशाक जावचा. त्या दिवशी बोट कलंडली तेवा तुमच्या झिलान बुडी मारल्यान. मी इंजिनाक मिठी मारून होतंय. डोळे मिटून. ता कोणाक ठावक नाय.” टोपी पिळत होता, ओली असल्यासारखी. “आणि मी तेका मांजर म्हटलंय. सगळ्यांसमोर. पयलो मीच हसलंय, म्हणजे कोण माझ्याकडे बघूचा नाय.”

माझ्या ओठांवर आलं होतं, ये, चहा घे, थंड होईल. आलेलं गिळलं.

म्हटलं, “बस. माकाय भीती वाटता, बाबल्या. सांग.”

तो बसलाय. तू बसायचास त्याच खांबाला टेकून. तुझा जामसंड्याचा पत्ता मागतोय, गाडी घेऊन स्वतः जातो म्हणतो. मी म्हटलं, तो देईन, पण ब्रॅंडनला विचारल्याशिवाय नाही. हे पत्र मिळालं की हो किंवा नाही तेवढं कळव. नाही म्हणालास तर त्याला नाही म्हणून सांगेन, आणि कारण विचारणार नाही. त्याने आज मला जे सांगितलं ते तुला सांगायची परवानगी त्याने दिलीय. ती आधी घेतली, मग हा मजकूर लिहिला.

तू सांगितलेलं पुन्हा ऐकायचंय. भाड्याच्या गाडीने, चालत, कसाही येईन, गुडघा धरला तरी. दुकान बंद झाल्यावर फळीवर बसू. पुस्तक आणणार नाही.

बाहेर तो बोलायला लागलाय, माझी वाट न बघता. जातो.

उशिरा उत्तर देणारा,
तुझा बाप